परड्यातील जुन्या झाडांवरील कीड : आधी ओळख, मग उपाय

खडेबाजारातील दुकानांच्या रांगेमागे, जुन्या घरांच्या परड्यांत आजही एखादा आंबा, दोन नारळ, विहिरीकाठी लिंबू आणि भिंतीलगत जास्वंद उभी दिसते. टिळकवाडी, हिंदवाडी आणि कॅम्प भागातील बंगल्यांभोवती तर पन्नास-साठ वर्षांची झाडे आणि त्यांच्या जोडीने वाढलेली कुंपणे आहेत. ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेळगावचा दीर्घ पावसाळा आणि थंड हवा या हिरवाईला मानवते. मात्र हेच दमट हवामान किडींनाही मानवते. पाऊस उघडला की पाने कुरतडलेली, चिकट, काळवंडलेली किंवा वाकडी झालेली दिसू लागतात आणि घरमालकासमोर दोनच पर्याय आहेत असे त्याला वाटते : दुकानातून मिळेल ते जहाल औषध आणून फवारणे, नाही तर झाडच तोडून टाकणे.

हे दोन्ही पर्याय बहुतेक वेळा अनावश्यक असतात. दाट वस्तीत उंच झाडावर मारलेला फवारा शेजारच्या गच्चीवर, उघड्या विहिरीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरही पडतो. तोडलेल्या झाडाची सावली परत मिळण्यास पुढची पिढी लागते. म्हणून पानांवरील किडीच्या बाबतीत पहिले काम औषधाचे नसून ओळखीचे आहे.

जुने झाड किती सोसते?

मुळे खोल गेलेले, खोड भरलेले झाड आपल्या फांद्यांत आणि मुळांत अन्नाचा साठा राखून असते. एका हंगामात त्याची काही पाने किडीने खाल्ली, तरी पुढच्या पालवीत ते ती भरून काढते. पानावरील भोके किंवा गाठी डोळ्यांना खुपतात, पण केवळ त्यामुळे जुने झाड सहसा मरत नाही. गतवर्षी लावलेल्या रोपाची गोष्ट निराळी. त्याची पाने मोजकीच असल्याने दोन-चार अळ्याही त्याचा शेंडा संपवू शकतात.

जुन्या झाडाच्या बाबतीत काळजी करावी अशा अवस्था थोड्या आहेत. लागोपाठ दोन-तीन हंगाम झाड जवळजवळ निष्पर्ण होणे, शेंड्याकडील फांद्या वाळत जाणे आणि खोडातून भुसा किंवा डिंक बाहेर येणे ही त्यांची लक्षणे होत. यांपैकी शेवटचे लक्षण पानावरील किडीचे नसून खोड पोखरणाऱ्या भिरुडाचे असते. आंबा, फणस आणि वड-पिंपळाच्या कुळातील झाडे भिरुडामुळे खरोखर धोक्यात येतात. म्हणून पान तपासण्यापूर्वी बुंध्याभोवती एक फेरी मारून खोड पाहावे. बुंध्याशी ताजा भुसा असेल तर पानांवर फवारा मारून काहीच साधणार नाही.

लक्षणांवरून किडीची ओळख

कीड नेहमी समोर दिसत नाही, तिची खूण मात्र दिसते. सकाळच्या उजेडात पानाची खालची बाजू पाहावी. जवळ दहापट भिंग असल्यास उत्तम. काही किडी रात्रीच पाने खातात, तेव्हा विजेरी घेऊन पाहणे उपयोगी ठरते.

पानाच्या कडा कुरतडलेल्या असतील आणि खाली फरशीवर काळ्या-हिरव्या बारीक लेंड्या पडल्या असतील, तर वर अळी आहे. लेंड्या नसतील तर रात्री येणारे भुंगेरे किंवा पावसाळ्यातील गोगलगायी संशयास पात्र ठरतात. पानात चंदेरी नागमोडी रेघ दिसली तर ती पान पोखरणाऱ्या नागअळीची वाट असते.

पाने चिकट होऊन त्यांवर काजळीसारखा काळा थर साचला असेल, तर तो थर हा मूळ रोग नव्हे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण रस शोषून गोड चिकटा बाहेर टाकतात आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. अशा वेळी बुरशीनाशक मारणे व्यर्थ जाते. रस शोषणारी कीड कमी झाली की काजळी पावसाने धुऊन जाते. पाने शिंपल्यासारखी दुमडलेली असल्यास आत फुलकिडे असण्याचा संभव असतो. बारीक फिकट ठिपके आणि तलम जाळी उन्हाळ्यात दिसली तर ते लाल कोळ्याचे काम होय. फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकली असता कागदावर सरकणारे लाल-पिवळे ठिपके दिसले की खात्री पटते.

झाडागणिक ओळख

*आंबा.* मोहराच्या दिवसांत झाडाखाली उभे राहिल्यावर पावसाच्या तुषारांसारखा चिकटा अंगावर पडतो. हे तुडतुड्यांचे लक्षण आहे. दाट, ऊन न शिरणाऱ्या झाडावर ते अधिक वाढतात. म्हणून फळे उतरल्यावर मधल्या गर्दीच्या आणि वाळलेल्या फांद्या काढणे हा टिकाऊ उपाय ठरतो. पानावरील मुरुमांसारख्या गाठी मिजमाशीच्या असतात. त्या जुन्या झाडाला फारशा बाधत नाहीत. शेंड्याची पाने जाळ्याने एकत्र बांधलेली दिसली, तर काठीने ती जाळी ओढून अळ्यांसह नष्ट करावी.

*नारळ.* झावळीच्या खालच्या बाजूस पांढऱ्या मेणाची चक्राकार नक्षी आणि खालच्या झाडांवर काजळी, हे चक्राकार पांढऱ्या माशीचे चिन्ह आहे. तिची खडबडीत कवचाची जात भारतात 2016 मध्ये प्रथम तामिळनाडूत आढळली आणि पुढे केरळ, कर्नाटक, गोवा अशी पसरली. तिच्यावर एन्कार्सिया नावाची अतिसूक्ष्म गांधीलमाशी उपजीविका करते. माशीचे कोष काळे पडलेले दिसले तर ही मित्रमाशी कामाला लागली असे समजावे. अशा झावळ्या तोडून जाळल्यास शत्रूबरोबर मित्रही जळतो. पाण्याचा जोरदार फवारा मारणे येथे पुरेसे असते. मात्र झावळ्या पंख्यासारख्या किंवा इंग्रजी ‘व्ही’ आकारात कापलेल्या दिसल्या तर ते गेंड्या भुंग्याचे काम होय. हा भुंगा शेणखताच्या आणि कुजक्या पालापाचोळ्याच्या ढिगात वाढतो. त्याने केलेल्या जखमेतून पुढे सोंड्या भुंगा शिरला तर माड जातो. परड्यातील उकिरडा उलथून पांढऱ्या जाड अळ्या वेचणे हा येथील खरा उपाय आहे.

*लिंबू आणि कढीपत्ता.* पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका हलताना दिसला, तर ती लिंबावरील फुलपाखराची लहान अळी असते. वाढल्यावर ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडते. मोठ्या झाडावर तिला सोडून द्यावे, लहान रोपावर हाताने वेचावे. कढीपत्ता रोज स्वयंपाकात जात असल्याने त्यावर रासायनिक औषध मारणे सर्वथा टाळावे.

*शेवगा.* पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसलेले दिसतात. त्यांचे केस अंगाला लागले तर आग होते आणि चट्टे उठतात. पेटत्या चुड्याने त्यांना जाळण्याची जुनी पद्धत खोडाची सालही जाळते. थवा एकत्र असतानाच हातमोजे घालून, लांब दांड्याच्या खराट्याने तो साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडावा.

*जास्वंद, पेरू आणि पपई.* शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. येथे एक चूक हमखास होते. क्रिप्टोलीमस नावाच्या ढाल किड्याची अळीही अशीच पांढऱ्या मेणाने मढलेली असते, परंतु ती पिठ्या ढेकणांना खाते. हा किडा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला गेला. पुंजक्यांमध्ये एखादी पांढरी अळी आकाराने मोठी आणि चपळ असेल, तर तिला मारू नये.

*पांगारा आणि करंज.* मिरवेलीच्या आधारासाठी आणि कुंपणासाठी लावलेल्या पांगाऱ्याची पाने व देठ गाठींनी सुजून वेडेवाकडे होतात. हा गाठ निर्माण करणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशीचा प्रताप आहे. बाधित फांद्या छाटून नष्ट करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. करंजाच्या पानांवरील फोडांसारख्या गाठी सूक्ष्म कोळ्यांमुळे होतात. त्या कुरूप दिसल्या तरी झाडाला सहसा निरुपद्रवी असतात.

कुंपणाची वेगळी गोष्ट

कुंपण म्हणजे दाटीने उभी असलेली एकाच जातीची झाडे. एका टोकाला लागलेली कीड वाटेत अडथळा न येता दुसऱ्या टोकापर्यंत जाते. सतत वरून छाटलेले कुंपण बाहेरून हिरवेगार आणि आतून काड्यांचे होते. त्या आतल्या कोंदट भागात खवले कीड आणि पिठ्या ढेकूण आसरा घेतात. म्हणून वर्षातून एकदा, पाऊस ओसरल्यावर, आतल्या वाळक्या काड्या काढून हवा खेळती ठेवावी. छाटणी करताना तळाची रुंदी माथ्यापेक्षा थोडी जास्त राखली तर खालच्या पानांनाही ऊन मिळते.

शोभेच्या फायकसची पाने दुमडून त्यांवर जांभळट ठिपके आले तर आत काळे फुलकिडे असतात. दुमडलेल्या पानात फवारा पोहोचत नाही, त्यामुळे बाधित शेंडे कापून बंद पिशवीत भरणे हेच योग्य. कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दाटीने बसतो. पाण्याच्या जोरदार धारेने तो झडतो. कण्हेरीची छाटलेली पाने गुरांच्या वाटेवर मात्र टाकू नयेत, कारण ती विषारी आहेत. शेताच्या बांधावरील एरंडाची पाने उंटअळी फस्त करते आणि तिचाच पतंग पुढे रात्री लिंबूवर्गीय फळांना भोके पाडून रस शोषतो. एरंडावरील अळ्या वेळीच वेचणे म्हणूनच शेजारच्या लिंबालाही लाभते.

वाढ जोमदार व्हावी म्हणून कुंपणाला युरिया देण्याची सवय अनेक घरी असते. जादा नत्राने पालवी कोवळी आणि रसरशीत होते, आणि मावा त्याच पालवीवर प्रथम येतो.

लोकरी माव्याने शिकविलेला धडा

सीमाभागातील लोकांना हा विषय नवा नाही. 2002 मध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांवर पांढरा लोकरी मावा दिसू लागला आणि थोड्याच काळात तो कोल्हापूर व बेळगाव जिल्ह्यांतील उसात पसरला. उंच, दाट उसात औषधाचा पंप घेऊन शिरणेच कठीण होते आणि पानाच्या खालच्या बाजूपर्यंत फवारा पोहोचत नव्हता. शेवटी कामास आले ते माव्याला खाणारे कीटक : डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा कीटक. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने मायक्रोमसचे संवर्धन करून तो शेतांत सोडण्याच्या कामी पुढाकार घेतला. जेथे फवारणी आवरली गेली, तेथे हे कीटक टिकले आणि माव्याचा जोर ओसरला.

पपईवरील पिठ्या ढेकणाची कथाही याच वळणाची आहे. 2008 मध्ये कोइमतूर परिसरात ही परदेशी कीड आढळली. 2010 मध्ये तिच्यावर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या पोर्तो रिकोहून आणून सोडल्यावर ती आटोक्यात आली. चाळीस फुटी आंब्याची आणि उंच उसाची अडचण एकच आहे : माणसाचा पंप तेथे पोहोचत नाही, मित्रकीटक पोहोचतो. जहाल औषधाने प्रथम मरतो तो हाच मित्र. कीड मात्र लवकर परतते, आणि या वेळी तिला रोखणारा कोणी नसतो.

उपायांची उतरंड

सौम्य उपायापासून सुरुवात करावी आणि गरज पडली तरच पुढची पायरी चढावी.

पहिली पायरी निरीक्षणाची. कीड दिसल्यावर आठ-दहा दिवस तीच फांदी रोज पाहावी. ढाल किडे, जाळीदार पंखांचे हिरवे कीटक, कोळी आणि पक्षी यांची वर्दळ वाढली असेल तर थांबणे हाच उपाय होय.

दुसरी पायरी हाताची आणि पाण्याची. बाधित शेंडे छाटणे, अळ्या वेचणे, नळीने पानांच्या खालच्या बाजूस पाण्याची धार मारणे यांनी बहुतेक काम भागते. खोडावरून मुंग्यांची रांग जात असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. मुंग्या चिकट्यासाठी मावा व पिठ्या ढेकणांची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. खोडाभोवती कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावले तर ही वाट तुटते. ग्रीस थेट सालीवर लावू नये आणि शेजारच्या भिंतीला टेकलेली फांदी छाटावी, नाही तर मुंग्या तेथून येतात. आंब्यावर पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या ओंबिलांचा स्वभाव दुहेरी आहे. त्या अळ्या फस्त करतात आणि रस शोषणाऱ्या काही किडींना पोसतातही. फळे उतरविताना त्यांचा त्रास होत नसेल तर त्यांना राहू द्यावे.

तिसरी पायरी घरगुती फवाऱ्याची. निंबोळीची 50 ग्रॅम पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, सकाळी फडक्याने गाळून, एक लिटर पाणी होईल इतके वाढविले की पाच टक्के निंबोळी अर्क तयार होतो. त्यात चमचाभर मऊ साबणाचे पाणी मिसळावे. निंबोळी उपलब्ध नसल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी घ्यावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने पाने करपतात. आधी दोन-चार पानांवर फवारून दोन दिवस पाहावे. फवारणी संध्याकाळी करावी, भर उन्हात किंवा मोहरावर मधमाश्या येत असताना करू नये. हा अर्क कीड तत्काळ मारत नाही. तो तिची भूक आणि वाढ रोखतो, त्यामुळे आठ ते दहा दिवसांनी पुन्हा फवारावे लागते.

चौथी पायरी जैविक औषधांची. पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू, तर रस शोषणाऱ्या किडींसाठी लेकॅनिसिलियम ही बुरशी मिळते. बुरशीला दमट हवा लागते. बेळगावच्या पावसाळी दिवसांत, पावसाने उघडीप दिल्यावर, ती चांगली लागू पडते. निपाणीकडील कोरड्या उन्हाळ्यात तिचा प्रभाव कमी पडतो.

रासायनिक औषध ही शेवटची पायरी. ती चढावीच लागली तर तज्ज्ञाच्या सल्ल्याने, डब्यावर ज्या झाडाचा आणि किडीचा उल्लेख आहे त्याच कामासाठी आणि सांगितलेल्या मात्रेतच औषध वापरावे. डब्यावरील रंगीत त्रिकोण औषधाचा जहालपणा सांगतो : लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचे औषध वस्तीतील परड्यात आणूच नये. उरलेले औषध सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय जिवावर बेतू शकते. विषबाधेची शंका आली तर रुग्णासोबत औषधाचा डबाही रुग्णालयात न्यावा.

तंबाखूचा काढा नको

निपाणी परिसर तंबाखूसाठी प्रसिद्ध असल्याने चुऱ्याचा काढा करून फवारण्याचा सल्ला या भागात सहज मिळतो. तो ‘नैसर्गिक’ असला तरी निरुपद्रवी नाही. तंबाखूतील निकोटीन हे जहाल विष आहे आणि ते ओल्या त्वचेतूनही शरीरात शिरते. काढा उकळताना किंवा फवारताना मळमळ, घाम आणि चक्कर येऊ शकते. तो मित्रकीटकांनाही मारतो. शिवाय तंबाखूतील विषाणू हातांवाटे आणि काढ्यावाटे शेजारच्या टोमॅटो-मिरचीवर जाण्याचा धोका असतो.

वर्षाचे वेळापत्रक

चैत्र-वैशाखात नवी पालवी, फुलकिडे आणि लाल कोळी यांवर लक्ष ठेवावे. ज्येष्ठ-आषाढात शेवग्याचे सुरवंट, पाने खाणाऱ्या अळ्या आणि उकिरड्यातील गेंड्या भुंग्याच्या अळ्या तपासाव्यात. आश्विन-कार्तिकात कुंपणाची आतली स्वच्छता व छाटणी करावी आणि पिठ्या ढेकणांचे पुंजके शोधावेत. मार्गशीर्षापासून आंब्याच्या मोहरावर तुडतुडे पाहावेत. छाटलेला बाधित पाला जाळू नये. काळ्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस उन्हात ठेवला की त्यातील कीड मरते.

सल्ला कोठे मिळेल?

ओळख पटत नसेल तर बाधित फांदीचा ताजा तुकडा किडीसह बंद पिशवीत घालून तज्ज्ञांना दाखवावा. बेळगाव जिल्ह्यात मत्तीकोप येथील कृषी विज्ञान केंद्र, अरभावीचे उद्यानविद्या महाविद्यालय आणि ठिकठिकाणची रयत संपर्क केंद्रे आहेत. गोव्यात जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे.

झाड तोडण्याचा निर्णय मात्र घाईने घेऊ नये. कर्नाटकात 1976 च्या आणि गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने काही अपवाद वगळता खासगी जागेतील झाड तोडण्यासही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. केवळ पाने किडली हे कारण जुन्या झाडाच्या बाबतीत क्वचितच पुरेसे असते. एक पावसाळा त्याच्याकडे लक्ष ठेवून काढला, तर बहुधा पुढच्या चैत्रात ते स्वतःच नवी पालवी घेऊन उभे राहते.